नेट, वेब आणि जाल

सोलापूरच्या विडी घरकुल भागात आपल्या घरच्या पुढच्या खोलीत बायकांना संगणक शिकवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या, दिवसभर टॉवेलांना शिलाई मारणाऱ्या एका बाईंनी तीन पुस्तके पाहिली. एकात ‘आंतरजाल’ होते, दुसऱ्यात ‘अंतर्जाल’, तिसऱ्यात ‘महाजाल’. शिवाय एका ठिकाणी वेबलाही ‘महाजाल’च म्हटले होते. तेव्हा त्या बाईंनी विचारले, “ताई, नेट आणि वेब एकच का?” यांतला बरोबर शब्द कोणता, हे ताईंना हवे आहे.

ताई, आधी त्या बाईंच्या शंकेचे उत्तर देतो, कारण ती शंका आपल्या भाषेनेच निर्माण केली आहे. इंग्रजीत ‘नेट’ म्हणजे दोरीला गाठी मारून केलेले जाळे, आणि ‘वेब’ हा शब्द मुळात विणण्याच्या क्रियापदावरून आलेला, म्हणजे विणलेले कापड. कोळिष्टकाला तो पुढे लागला. तिथे ही दोन चित्रे वेगळी आहेत. मराठीत मात्र मासे धरणाराही कोळी आणि भिंतीच्या कोपऱ्यात राहणाराही कोळी, आणि दोघांचेही असते ते जाळेच. त्यामुळे दोन्ही इंग्रजी शब्द मराठीत आणताना भाषांतरकारांच्या हाती ‘जाल’ हा एकच शब्द लागला आणि दोन गोष्टींमधला भेद त्यात बुडून गेला.

तो भेद मोठा आहे. इंटरनेट म्हणजे जगभरातल्या संगणकांच्या लहान-मोठ्या जाळ्यांना एकमेकांशी जोडणारी व्यवस्था: तारा, लहरी आणि माहितीची ने-आण कशी करायची याचे सर्वांनी मान्य केलेले नियम. तिची सुरुवात अमेरिकेतल्या ‘आर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यातून १९६९ साली झाली आणि आज चालतात ते नियम तिथे १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ साली मांडली. एका पानावरच्या शब्दाला बोट लावले की दुसरे पान उघडावे, आणि ते पान जगातल्या कोणत्याही संगणकावर असले तरी चालावे, अशी ती योजना होती. ई-मेल तर १९७१ पासूनच जात-येत होती, म्हणजे वेबच्या कितीतरी आधी. म्हणून ई-मेल ही वेबची लेक नव्हे.

वर्गात सांगायला मी आपल्या स्थानकाचा दाखला घेईन. रूळ म्हणजे इंटरनेट. त्याच रुळांवरून मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस धावते आणि मालगाडीही धावते. वेब ही सिद्धेश्वर, ई-मेल ही मालगाडी, व्हॉट्सॲपवरचे बोलणे ही आणखी एखादी गाडी. सिद्धेश्वरला कोणी रूळ म्हणत नाही. कधीकधी व्हॉट्सॲप चालू असते आणि एखादी साइट मात्र उघडत नाही, तेव्हा रूळ शाबूत असून एकच गाडी अडलेली असते. हा अनुभव प्रत्येकीला आलेला असतो, त्यामुळे एवढ्यावर भेद लक्षात राहतो.

आता शब्दांकडे येऊ. ‘आंतरजाल’ आणि ‘अंतर्जाल’ यांच्यातला फरक मराठीच्या आजच्या वापरात खरा आहे. ‘अंतर्गत’ म्हणजे आतले. ‘आंतरशालेय’, ‘आंतरजातीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे दोन किंवा अधिकांच्या मधले. इंटरनेट हे जाळ्याजाळ्यांमधले जाळे असल्याने मराठीत ‘आंतरजाल’, म्हणजे ‘अ’ला काना आणि ‘र’ पूर्ण, हे लेखन मला योग्य वाटते. ‘अंतर्जाल’ वाचून मराठी वाचकाला एखाद्या कचेरीच्या आतले, बाहेरच्यांना बंद असलेले जाळे वाटू शकते, आणि तशी जाळी खरोखरच असतात.

मात्र सोलापुरात एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणींच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. तेलुगूत इंटरनेटला ‘अंतर्जालम्’ आणि कन्नडमध्ये ‘अंतर्जाल’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘अंतर्’ला ‘आत’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ आहेत. त्या भाषांनी हे रूप घेतले, मराठीने आंतर- हे रूप मधल्या संबंधासाठी रूढ केले. म्हणून एखादीने वहीत ‘अंतर्जाल’ लिहिले तर तांबड्या शाईची फुली मारू नका. ते तिच्या घरातल्या भाषेचे बरोबर रूप आहे. मराठीत आपण कसे लिहितो तेवढे शेजारी लिहून द्या.

‘महाजाल’ मात्र मी वर्गात वापरणार नाही. ‘मोठे जाळे’ एवढेच ते सांगते, आणि कशाचे ते सांगत नसल्यामुळे कोणी ते इंटरनेटला लावतो, कोणी वेबला. ज्या शब्दाने शिकणारीचा गोंधळ झाला त्याच शब्दाने तो दूर करता येत नाही. वेबसाठी मराठी शब्द हवाच असेल तर ‘विश्वजाल’ बरा, कारण ‘वर्ल्ड वाइड वेब’ या मूळ पूर्ण नावातला ‘जगभर पसरलेले’ हा भाग त्यात उतरतो. पण बोलताना ‘इंटरनेट’ आणि ‘वेब’ हेच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. ‘नेट संपले’, ‘नेटवर बघ’ हे आपण उठता-बसता म्हणतो. (मराठीत आपला स्वतःचा एक ‘नेट’ आहेच, ‘नेटाने शिकणे’ त्यातूनच आले.)

विणकामाचे चित्र आपल्या शहरात वाया जाऊ देऊ नका. चादरीच्या मागावर डोक्यावर जेकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारे यंत्र, बसवलेले असते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तो उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे सुई अडते आणि धागा खालीच राहतो. पुठ्ठा बदलला की नक्षी बदलते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती घ्यायचे ठरवले होते. ‘प्रोग्राम’ म्हणजे काय, हे मागावर काम केलेल्या घरात यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही, आणि ‘वेब’चा मूळ अर्थ ‘विणलेले’ हेही त्यांना लगेच पटेल.

ओघाने आणखी दोन शब्द. वेबची पाने उघडून दाखवणाऱ्या ‘ब्राउझर’ला ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द आहे. पण न्याहाळणे म्हणजे एकाच गोष्टीकडे टक लावून पाहणे, आणि ब्राउझरमध्ये आपण करतो ते नेमके उलट, इथले थोडे तिथले थोडे पाहत जाणे. त्यासाठी आपल्याकडे ‘चाळणे’ आहे: पुस्तक चाळतो तसे वेब चाळतो. नाम ‘ब्राउझर’ राहू द्या, क्रियापद आपले वापरा. ‘लिंक’ला ‘दुवा’ हा उत्तम शब्द आहे, तो जरूर शिकवा.

‘संकेतस्थळ’ बोलायला जड आहे, पण सरकारी जाहिरातीत “संकेतस्थळावर अर्ज भरावा” असे छापलेले असते, म्हणून वाचून कळण्यापुरता तो एकदा सांगावाच लागेल. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटण्याची ठरवलेली जागा. ठरलेल्या पत्त्यावर जाऊन भेटणे हा अर्थ साइटलाही लागू पडतो.

तेव्हा फळ्यावर एवढे लिहा: ‘इंटरनेट (लिहिताना आंतरजाल): रूळ. वेब: त्यावरची एक गाडी. साइट (लिहिताना संकेतस्थळ): त्या गाडीने गाठायचे ठिकाण.’