शेतातल्या रेडिओ मोडेमची लिंक तुटते, पॉवर वाढवू का?

आधी पॉवरला हात लावू नका, एअर रेट, म्हणजे हवेतून डेटा पाठवायचा वेग, उतरवा.

विहिरीवर मोटर, सव्वा किलोमीटरवर माळाला टाकी, मधे ऊस. टाकीची पातळी मोटरच्या कंट्रोलरला कळवणारे दोन्ही रेडिओ मोडेम घरी टेबलावर नीट बोलतात, शेतात लिंक सारखी तुटते, असं तुम्ही लिहिलंय. अंबाजोगाई-केज भागात मी हीच कामं करतो. टाकीची पातळी म्हणजे जेमतेम आठ-दहा बाइट, त्याला १९.२ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) कशाला? २.४ वर आणा. रेट निम्मा केला की साधारण ३ डीबी (सिग्नलची ताकद मोजायचं माप) हाती येतात, इथं तीनदा निम्मा होतो म्हणजे ९. शंभर मिलिवॉटचा एक वॉट केला तरी १० डीबीच मिळतात आणि सोलरच्या बॅटरीवर ताण पडतो तो वेगळाच. एअर रेट दोन्ही मोडेमला एकच हवा. सीरियलचा बॉड रेट, म्हणजे मोडेम आणि कंट्रोलरमधल्या वायरवरचा वेग, मात्र त्या-त्या मोडेमला जोडलेल्या कंट्रोलरशी जुळला पाहिजे. या दोन्हींत लोक हमखास गल्लत करतात.

रेट उतरवला की उत्तर उशिरा येतं. मॉडबस (कंट्रोलरची सवाल-जवाबाची भाषा) वापरत असाल तर कंट्रोलरचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायचा वेळ, दोन सेकंदांपर्यंत न्या, नाहीतर लिंक चांगली असूनही एरर दिसत राहील.

फ्रिक्वेन्सी बघाच. बाहेरून आलेले मोडेम बऱ्याचदा ९१५ मेगाहर्ट्झवर असतात. आपल्याकडे तिथं मोबाइलचा पट्टा आहे. विनापरवाना ८६५ ते ८६८ मध्ये या, एक वॉटच्या आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थच्या (सिग्नलच्या रुंदीच्या) आत. अँटेनाही त्याच फ्रिक्वेन्सीचा लागतो.

नेटवर्क आयडी, म्हणजे तुमच्या जोडीचा ओळख क्रमांक, कंपनीचा आहे तसा ठेवू नका. शेजाऱ्यानं त्याच दुकानातून तोच सेट आणला, तर त्याची टाकी भरल्यावर तुमची मोटर बंद पडेल. आयडी दोन्हीकडे एक, पत्ते वेगवेगळे. मग सेव्ह करून सप्लाय काढा, पुन्हा लावा आणि सेटिंग वाचून बघा. सेव्ह करायचं राहून गेलं असेल तर शेतात लाइट गेली की सगळं जुन्यावर येतं, आणि लाइट तर रोजच जाते.

एवढं करूनही तुटत असेल तर कारण ऊस. या अंतराला दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेखाली मध्यावर निदान सहा मीटर मोकळं लागतं. लागणीच्या वेळी चाललेली लिंक ऊस डोक्यावर गेला की म्हणूनच बसते. विहिरीकडचा अँटेनाचा पाइप उंच करा, पण केबल लांबवू नका, मोडेमच वर चढवा.

शेवटचं, आणि हे टाळू नका: सलग तीन वेळा उत्तर आलं नाही तर स्टार्टर आपोआप पडला पाहिजे. नाहीतर लिंक तुटल्यावर मोटर रात्रभर चालते, विहिरीचं पाणी माळावरून वाहून जातं. मोटर चालू असताना टाकीवरच्या मोडेमची सप्लायची वायर काढा आणि स्टार्टर पडतो का ते स्वतः उभं राहून बघा.