वाचकांचे प्रश्न : संशोधनाकडे वळणारी डॉक्टर

प्रश्न : माझी मुलगी एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षात आहे. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेमध्ये कर्करोगावरील इम्युनोथेरपीचे जे काम चालते, त्याविषयीचे व्याख्यान ऐकल्यापासून ती रुग्णसेवा नको, संशोधनच करायचे, असे म्हणू लागली आहे. तिचे डॉक्टर होणे वाया जाईल, अशी आम्हा दोघांना भीती वाटते. या क्षेत्रात डॉक्टरला नेमके काय काम असते? — एक आई, कळवा (ठाणे)

उत्तर : आपल्या मुलीचे शिक्षण वाया जाणार नाही, मात्र रुग्णसेवा सोडून संशोधन, अशी निवड तिने आताच करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या या उपचारांतील कितीतरी प्रश्न वॉर्डात उभे राहिले आणि त्यांची उत्तरेही काही वेळा तिथेच सापडली.

अमेरिकेतील शल्यचिकित्सक स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्याकडे १९६८ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी असा एक रुग्ण आला, ज्याचा सर्वत्र पसरलेला जठराचा कर्करोग काहीही उपचार न करता नाहीसा झाला होता. हे कसे घडले, या प्रश्नाने त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाला दिशा दिली. टी पेशींना, म्हणजे रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशींना, चेतवणारे इंटरल्युकिन-२ हे प्रथिन त्यांनी रुग्णांना देऊन पाहिले, अनेक रुग्ण दगावले, आणि पहिले ठळक यश १९८४ मध्ये आले.

दुसरी घटना २०१२ मधली आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या सहा वर्षांच्या एका मुलीच्या टी पेशी काढून, त्यांत कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवणारे जनुक घालून त्या तिला परत देण्यात आल्या. यालाच कार-टी उपचार म्हणतात. चेतलेल्या पेशींमुळे तिला तीव्र ताप आला, ती अत्यवस्थ झाली, आणि रक्ताच्या तपासणीत इंटरल्युकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिन भरमसाट वाढलेले दिसले. या उपचारामागील संशोधक डॉक्टर कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला बालवयातील संधिवात होता, त्यामुळे इंटरल्युकिन-६ला अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध त्यांना ठाऊक होते. ते दिल्यावर मुलगी वाचली, आणि आज कार-टी देणाऱ्या रुग्णालयांत हे औषध हाताशी ठेवले जाते. पेशींचे शास्त्र आणि रुग्णाचे औषध ही दोन्ही ज्ञाने एकत्र नसती, तर हे सुचणे अवघड होते.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटीतील शास्त्रज्ञांनी पेशी घडवल्या, पण कोणत्या रुग्णाला त्या द्यायच्या, ताप चढला किंवा रक्तदाब उतरला तर काय करायचे, आणि उपचार खरोखर लागू पडला का, हे डॉक्टरांनाच ठरवावे लागले.

मला स्वतःला याहूनही मोलाचे वाटणारे उदाहरण टाटा रुग्णालयातील निव्होलुमॅबच्या, म्हणजे टी पेशींवरचा लगाम सैल करणाऱ्या औषधाच्या, चाचणीचे आहे. हे औषध तेव्हा इतके महाग होते की पूर्ण मात्रा आपल्याकडे फार थोड्यांना परवडत असे. म्हणून तेथील डॉक्टरांनी प्रगत अवस्थेतील डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी एका गटाला, तोंडावाटे घ्यायच्या तीन स्वस्त औषधांसोबत, एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम दिले जाणारे हे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. नुसत्या तीन औषधांवर एक वर्षानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर निव्होलुमॅबची जोड मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. तंबाखूने तोंडाचा कर्करोग घरोघर पोहोचवलेल्या आपल्या देशात हा प्रश्न विचारण्यासाठी बाह्यरुग्ण विभागात बसून बिलापुढे हतबल झालेले नातेवाईक पाहिलेला डॉक्टरच हवा होता.

मार्ग लांब आहे, हेही स्पष्ट सांगतो. एम.बी.बी.एस.नंतर मेडिसिन किंवा बालरोग या विषयात तीन वर्षांचे एम.डी., त्यानंतर वैद्यकीय कर्करोगशास्त्रात तीन वर्षांचे डी.एम., आणि त्याच्या जोडीला किंवा पुढे प्रयोगशाळेतील प्रशिक्षण. पीएच.डी.ची सोय ॲक्ट्रेकमध्येही आहे. खासगी व्यवसायाच्या तुलनेत उत्पन्न उशिरा आणि कमी मिळते, त्यामुळे घरची आर्थिक बाजू तिच्याशी आताच मोकळेपणाने बोलावी.

सध्या तिने एवढेच करावे : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्तीची माहिती काढावी आणि महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली छोटा प्रकल्प हाती घ्यावा. तो करताना नोंदी ठेवण्याचा, आकडे पुन्हा पुन्हा तपासण्याचा कंटाळा येतो की गोडी लागते, हे तिचे तिलाच कळेल.