पाढे घोकण्याआधी उड्या मारा

मुलीला पाढे सुरात म्हणता येतात, पण मधलाच आकडा विचारला की ती पहिल्यापासून सुरू करते, असं तुम्ही म्हणता. बहुतेकांचं तेच होतं. थोडे दिवस पाढा बाजूला ठेवा.

१ ते १०० चा तक्ता घ्या आणि ३ च्या टप्प्याने रंगवायला सांगा. तिरप्या रेघा दिसतील. मग फक्त एकक लिहायला लावा: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०. दहाही अंक एकदाच येतात. आता ७ चे एकक लिहा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. शून्य सोडलं तर ३ चीच रांग उलटी! हे मात्र तुम्ही सांगू नका, तिलाच सापडू द्या. ४ मध्ये पाचच अंक फिरतात: ४, ८, २, ६, ०.

२, ५, १० वर फार वेळ घालवू नका, ते येतंच. त्यापेक्षा सुरुवात बदला: ३ पासून पाचाने, ३, ८, १३, १८. आणि उलटं मोजणं रोज थोडं. ४२, ३५, २८... इथे अडखळली तर बोटं वापरू द्या. भागाकाराला हेच उपयोगी पडतं.