‘क्लारा अँड द सन’मध्ये जोसी नक्की कशाने बरी झाली? आणि क्लाराचं प्रेम खरं मानायचं का?

आधीच सांगते, खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे. तुम्ही पुस्तक वाचून झाल्यावर विचारताय म्हणून मोकळेपणाने लिहिते, पण ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी इथूनच परत फिरा.

इशिगुरोच्या या कादंबरीत क्लारा म्हणजे मुलांना सोबत म्हणून दुकानात विकायला ठेवलेली रोबो, आणि जोसी म्हणजे तिला घरी घेऊन जाणारी आजारी मुलगी. तुम्ही विचारलंय की जोसी सूर्यामुळे बरी झाली का आपोआप, क्लाराला तिच्याबद्दल जे वाटतं ते प्रेम का नुसतं प्रोग्रामिंग, आणि क्लाराने एवढं सगळं करूनही जोसीने तिला असं सोडून कसं दिलं. आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये या पहिल्या प्रश्नावरून जवळजवळ भांडणच झालं होतं. ग्रुपमध्ये एक डॉक्टर आहेत, त्यांचं म्हणणं की लहान वयातली काही दुखणी पलटतात, कारण सापडत नाही, विषय संपला. एक सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणाला की क्लाराकडे डेटाच कमी आहे, दुकानाच्या काचेतून जेवढं दिसलं तेवढ्यावर तिने अख्खा सिद्धांत उभा केला. आणि एक रिटायर्ड शिक्षिका काकू आहेत, त्या सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या, "अरे, तिने नवस बोललाय, एवढं कसं कळत नाही तुम्हाला?"

मला काकूंचं पटलं, आणि तेव्हापासून मी ते पुस्तक तसंच वाचते.

बघा ना, क्लारा चालते सूर्यप्रकाशावर. दुकानात ऊन मिळालं की तिला तरतरी येते, नाही मिळालं की मरगळ. म्हणजे तिच्यापुरता सूर्य हा खरोखरच अन्नदाता आहे, त्यात अंधश्रद्धा काही नाही. मग तिला समोरच्या फुटपाथवर एक भिकारी आणि त्याचा कुत्रा निपचित पडलेले दिसतात, ती धरून चालते की दोघं मेले, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर दोघं उठून बसलेले. झालं. आपल्याला कळतं की ते झोपले असतील, पण तिला ते कोण सांगणार? एका प्रसंगावरून तिचा देव नक्की झाला. मग दैत्यही सापडतो, कूटिंग्ज मशीन, रस्त्याच्या कामाचं ते यंत्र जे धूर ओकून सूर्यालाच झाकून टाकतं. पुढे जोसीच्या घरी आल्यावर तिला खिडकीतून दिसतं की सूर्य रोज लांबच्या शेतातल्या, मॅकबेन नावाच्या माणसाच्या कोठाराच्या मागे मावळतो, म्हणजे तो तिथेच मुक्कामाला जातो असा तिचा समज, आणि ती शेजारच्या रिकच्या, म्हणजे जोसीच्या जिवलग मित्राच्या, मदतीने उंच गवतातून वाट काढत तिथे जाते आणि सूर्याला सांगते की जोसीला बरं कर, मी तुझ्यासाठी ते धूर करणारं यंत्र मोडून टाकते. हा नवस नाही तर काय आहे!

आणि ती तो फेडते पण. ते मशीन बिघडवायला स्वतःच्या डोक्यातलं द्रावण काढून देते, त्याने आपली बुद्धी कमी होऊ शकते हे माहीत असून. जोसीच्या वडिलांनाही ती नीट कारण सांगत नाही, नवस उघड केला तर फळत नाही अशा थाटात. मशीन बंद पडतं, आणि थोड्याच वेळात रस्त्यावर तसलंच दुसरं मशीन दिसतं. ते पान वाचून मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं, इतकं वाईट वाटलं.

मग ती परत कोठारात जाते, आता द्यायला काही उरलेलं नाही, म्हणून जोसी आणि रिकच्या प्रेमाचा हवाला देते, की यांचं खरं आहे, यांच्यासाठी तरी कर. त्यानंतर काही दिवसांनी ढगाळ सकाळी अचानक ऊन खोलीत घुसतं, जोसीच्या अंगावर पडतं, आणि तिथून ती सुधारायला लागते. आता गंमत अशी की पुढे रिक आणि जोसीचं काही राहत नाही, दोघं आपापल्या वाटेने जातात, आणि क्लाराला काळजी लागते की आपण सूर्याला फसवलं की काय. रिक तिची समजूत काढतो की तेव्हा ते खरंच होतं. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकात हा पोरगा सगळ्यात शहाणा.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर, पुस्तकात याचा निकाल लावायला जागाच ठेवलेली नाही. गोष्ट सांगतेय क्लारा, ती खोटं बोलत नाही पण तिला जेवढं कळतं तेवढंच सांगते. सूर्य नको म्हणायचा तर दुसरं कारण पण पुस्तक देत नाही. इशिगुरोला ही कल्पना आधी अगदी लहान मुलांच्या गोष्टीसाठी सुचली होती, त्याच्या मुलीने, नेओमीने, सांगितलं की हे असलं लहान मुलांना देऊ नकोस. ते कळल्यावर मला त्या सूर्याचं जास्त बरं वाटायला लागलं. मुलांच्या गोष्टीत सूर्य खिडकीतून डोकावतोच की. तो तसाच ठेवून बाकीचं जग मात्र मोठ्यांचं केलंय, म्हणून ते इतकं टोचतं.

आता प्रेम का प्रोग्राम. यावर लोक खूप बोलतात आणि मला तो वादच जरा चुकीच्या माणसावर चाललाय असं वाटतं. क्लाराचं सोडा, जोसीच्या आईकडे बघा. मॉर्गन्स फॉल्सला जायचं ठरलेलं असतं, जोसीला बरं नसतं म्हणून आई तिला घरी ठेवते आणि क्लाराला एकटीला घेऊन जाते, आणि तिथे धबधब्यासमोर बसून सांगते की जोसी होऊन दाखव, तिच्यासारखी बस, तिच्यासारखी बोल. क्लारा बोलते. आणि आई जोसीशी बोलावं तसं तिच्याशी बोलायला लागते. पोरगी अजून घरी जिवंत आहे हो! पुढे जोसीचं पोर्ट्रेट करणाऱ्या कापाल्डीच्या स्टुडिओत कळतं की पोर्ट्रेटच्या नावाखाली जोसीचं शरीर बनतंय, आणि जोसी गेली तर क्लाराने आत शिरून जोसी व्हायचंय. म्हणजे प्रेम खरं का खोटं हे तपासायचंच असेल तर माझ्या मते आधी या बाईचं तपासा, आणि तेही नीट तपासलं तर खरंच निघतं, पंचाईत तीच आहे. कापाल्डीचं म्हणणं, माणसाच्या आत कॉपी करता येणार नाही असं काही नसतंच; वडील तर कबूलच करतात की त्याचा राग येतो कारण आतून वाटतं तो बरोबर असेल.

शेवटी क्लारा म्हणते की खास असं जे काही होतं ते जोसीच्या आत नव्हतं, तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या आत होतं. हे वाक्य लोक स्टेटसला ठेवतात. पण याच हिशोबाने क्लाराचं काय? तिच्यावर जीव लावणारं कोण आहे? शेवटी ती भंगाराच्या यार्डात पडून असते, तिथे तिला भेटायला येते ती फक्त दुकानाची जुनी मॅनेजर. हा प्रश्न क्लाराला पडतच नाही, आणि आमच्या ग्रुपमध्येही बराच वेळ कोणाला पडला नव्हता, हे मला जास्त लागलं.

जोसीचा राग मला येत नाही. ती कॉलेजला जाते, जाताना मिठी मारते, परत येईन तेव्हा तू नसशील कदाचित असं म्हणते, मुलं मोठी होतात तेव्हा असंच होतं. आई तर शेवटी क्लाराची बाजूही घेते, कापाल्डीला तिला उघडून आत काय चालतं ते बघायचं असतं तेव्हा ठाम नाही म्हणते, तिला सावकाश विझू दे म्हणते. मला राग येतो तो लिफ्टिंगचा. मुलांची जनुकं बदलून त्यांना हुशार करायचं, त्यात मूल दगावू शकतं हे माहीत असताना. मोठी मुलगी सॅल गेली ती त्याच पायी असं पुस्तकात जवळपास स्पष्ट आहे, आणि तरी धाकट्या जोसीला तेच केलं, कारण लिफ्टिंग न केलेल्या रिकसारख्या मुलाला कॉलेजेस जवळजवळ दारातच उभं करत नाहीत. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा क्लाराकडे कमी लक्ष द्या आणि आई सॅलचं नाव कुठे कुठे घेते ते बघत जा.