सिस्टर लिहीत बसलेल्या दिसतात, तेव्हा त्या काय करत असतात?

तुमचे वडील मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात दाखल होते, सलाइन संपल्यावर सिस्टरना तीनदा हाक मारावी लागली आणि दर वेळी त्या टेबलापाशी लिहीत बसलेल्या दिसल्या. तेव्हा परिचारिकांवर कामाचा ताण खरोखर एवढा असतो की ती सबब आहे, आणि तक्रार करावी का, असे तुम्ही विचारले आहे. ताण खरा आहे. तक्रारही अवश्य करा, पण ती कोणाविरुद्ध करायची याचा आधी विचार करा. ‘लिहीत बसलेल्या’ हे शब्द मात्र मला सोडून देता येत नाहीत, कारण याच शब्दांवरून मला एकदा मेमो, म्हणजे प्रशासनाची जाब विचारणारी लेखी नोटीस, मिळाला होता.

मी मुंबईतच पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) एकदमच येतात, खाटा भरतात, मग दोन खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात. आणि ४० खाटांच्या वॉर्डात ६० च्या वर रुग्ण असले तरी रात्रपाळीला आम्ही दोघीच असायचो. एका रुग्णाला इंजेक्शन द्यायचे म्हणजे केसपेपर पाहणे, औषध विरघळवणे, व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली सुई) नीट चालू आहे का ते तपासणे, औषध सावकाश देणे आणि सही करणे आले. यासाठी प्रत्येकी ४ मिनिटे धरली, तरी ४० जणांना अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. त्यातच नवीन दाखल होणारे रुग्ण, रक्ताचे नमुने, प्रयोगशाळेचे फोन, आणि वॉर्डबॉय दुसरीकडे गेला असेल तर एक्स-रेसाठी ट्रॉली ढकलणे, हे सगळे त्या दोघींनीच करायचे असते.

अशाच एका रात्री, दादर-परळ भागातल्या हिंदमाताजवळ तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेला एक तरुण लेप्टोच्या संशयाने आमच्याकडे दाखल होता. त्याचे डोळे लाल झाले होते आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की चादरीचा स्पर्शही त्याला सहन होत नव्हता. लेप्टोत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून त्याची लघवी दर तासाला मोजायची होती. मोजपट्टी असलेली युरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, वॉर्डात शिल्लक नव्हती. त्यामुळे दर तासाला पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करून आकडा चार्टवर उतरवावा लागे. साठ किलो वजनाच्या माणसाला ताशी निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. त्याचे आकडे ६०, ४०, २५ आणि मग १० असे उतरत गेले. पिशवीकडे नुसते पाहून हे कोणालाही कळले नसते. आकडे एकाखाली एक लिहिले होते म्हणून ते डोळ्यांत भरले. मी निवासी डॉक्टरांना उठवले, त्यांनी तातडीने रक्त तपासायला पाठवले, सकाळपर्यंत त्याला अतिदक्षता विभागात हलवून डायलिसिस सुरू झाले, आणि पुढे तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

त्याच रात्री समोरच्या खाटेवरील रुग्णाच्या नातेवाइकांनी तक्रार लिहून दिली की, सलाइन संपूनही सिस्टर टेबलापाशी लिहीत बसल्या होत्या. मला ‘रुग्णसेवेत हलगर्जी’ असा मेमो आला. मी उत्तरासोबत त्या चार्टची प्रत जोडली आणि त्या पाळीत रुग्ण किती व परिचारिका किती होत्या तेही लिहिले. त्यावर एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून सांगितले, “सिस्टर, लिहिण्यात वेळ घालवू नका, पेशंटकडे बघा.” पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा त्याच अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न नोंदींविषयी विचारला आणि ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही असे धरले जाईल, असे बजावले. माझा मेमो लेखी स्वरूपात कधीच मागे घेतला गेला नाही. ते चूक होते, असे मी आजही म्हणते.

रुग्ण वाढू द्यायचे, पदे रिकामी ठेवायची आणि नातेवाइकांचा राग वॉर्डात उभ्या असलेल्या बाईवर जाऊ द्यायचा, यात प्रशासनाची सोय आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयातील सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, शिवाय रजांसाठी ३० टक्के अधिक पदे हवीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत असे आढळले की, परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर हे प्रमाण कायद्याने बांधून दिले. माझ्या मेमोच्या वेळी एवढे कोणी वाचले असते, तर प्रश्न मला विचारला गेला नसता.

खासगी रुग्णालयांत गाद्या जमिनीवर पडत नाहीत, पण तिथल्या अनेक मुली तुटपुंज्या पगारावर डबल ड्युटी करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. लहान नर्सिंग होममधील सिस्टरना त्यांचा पगार विचारून पाहा.

सगळ्याच सिस्टर गोड बोलतात असा माझा दावा नाही. काहीजणी विनाकारण खेकसतात, आणि तुमच्याशी कोणी तसे वागले असेल तर ती तक्रार वेगळी व रास्त आहे. रुग्णाला धाप लागली, तो गुंगीत गेला किंवा रक्तस्राव दिसला, तर कोण काय लिहीत आहे याचा विचार न करता मोठ्याने हाक मारा. सलाइनचे मात्र तसे नसते. बाटली संपली की बहुधा नळीत थोडे रक्त उलटे येते आणि फार वेळ गेला तर व्हेनफ्लॉन बंद पडून पुन्हा टोचावे लागते. ते त्रासाचे आहे, पण तेवढ्याने जीव जात नाही. बाटलीत साधारण १०० मिलिलिटर उरले असतानाच सांगून ठेवा, आणि नळीवरचे चाक स्वतः फिरवू नका.

तक्रार रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) नावे करा. त्यात तारीख, पाळी, वॉर्डातील रुग्णांची संख्या आणि ड्युटीवरील परिचारिकांची संख्या लिहा. सिस्टरना विचारलेत तर त्या बहुतेक स्वतःच सांगतील. सोबत माहिती अधिकाराखाली त्या रुग्णालयातील परिचारिकांची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे मागवा. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे, आणि ते आले की त्याची एक प्रत त्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरनाही द्या.