घरात दोघांना कॅन्सर झाला, मग आता माझा नंबर?

खुर्चीत बसता बसताच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. गॅलरीत स्वतःच्याच जिभेचे दीडशेच्या वर फोटो, बहुतेक मध्यरात्री टॉर्च लावून काढलेले. "मॅडम, मागे गाठी आल्यात, दिसतात ना?"

वय ३३. वडिलांना ५८व्या वर्षी जिभेचा कॅन्सर, थोरल्या भावाला ३९व्या वर्षी गालाचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "घरातच आहे म्हटल्यावर मी कसा सुटणार?" हा प्रश्न या वयाची माणसं हमखास घेऊन येतात.

त्या 'गाठी' म्हणजे जिभेच्या मुळाशी प्रत्येकालाच असलेले चवीचे उंचवटे. दोन डॉक्टरांनी त्यांना तसं सांगितलंही होतं, पण रात्र झाली की पटायचं नाही.

मी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कुणाला कॅन्सर झाला, कितव्या वर्षी, व्यसन काय, ते सगळं त्यांनीच भरलं. वडील, तंबाखू. भाऊ, तंबाखू. स्वतःच्या चौकोनाशी पेन थांबलं. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "बारा वर्षं. रक्तातच असेल तर सोडून काय उपयोग, असं वाटायचं."

इथेच माझा जीव तुटतो. अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला डोकं-मानेचा कॅन्सर (तोंडाचा त्यातच येतो) असेल तर धोका सुमारे १.७ पट दिसला. भावंडाला असेल तर २.२ पट. पण घरचा इतिहास आणि शिवाय तंबाखू-दारू दोन्ही असतील, तर यातलं काहीच नसलेल्यांच्या तुलनेत सात पटींच्या वर. म्हणजे घरात कॅन्सर असलेल्यानं तंबाखू सोडण्याला जास्तच अर्थ आहे. आकडे ऐकून ते रडले. मी रडू दिलं.

फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखे आनुवंशिक आजार तरुणपणी तोंडाचा कॅन्सर आणू शकतात, पण ते फार विरळ. लहानपणापासून रक्तपेशी कमी, अंगठ्यात जन्मजात दोष, घरात कमी वयात वेगवेगळे कॅन्सर असं काही कागदावर नव्हतं. तरी भावाचं वय कमी, म्हणून तो कागद जनुकतज्ज्ञांना दाखवायला सांगितला. जनुकांची तपासणी करायचीच ठरली तर आधी भावाची, कारण आजार त्याला झालाय.

व्यसनमुक्तीसाठी डॉक्टरांची वेळ त्यांनी माझ्यासमोरच घेतली. तोंडाची तपासणी दंतवैद्यांकडून नियमित, घरचा इतिहास आणि तंबाखू दोन्ही न लपवता. घरी महिन्यातून एकदाच, दिवसाउजेडी, आरशात. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, मानेत गाठ, बसलेला आवाज, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर फोटो काढत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

परवा फोन आला. तंबाखू सुटून एकोणीस दिवस झालेत. फोटो अजून आठवड्याला एक निघतो. आणि भावानंही डबी फेकली, हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.