दोन टक्क्यांचा हिशोब

नाशिक

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.ला भूजलच शिकायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. कोणतं विद्यापीठ निवडू, असं तू विचारतेस. त्याचं उत्तर देते, पण आधी सिन्नरच्या तुमच्या मळ्यातल्या विहिरीबद्दल लिहायचं आहे.

तुझे वडील तिचं पाणी परसात, म्हणजे माणसाच्या उंचीच्या मापात सांगतात. तू ते मीटरमध्ये मोजायला लाग, प्रवेश मिळायची वाट बघू नकोस. पोलादी टेप घे, तिच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळ. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण कर आणि दर वेळी त्याच खुणेवरून टेप सोड. खुणेपाशी टेपचा जो आकडा येईल, त्यातून खडू भिजलेली लांबी वजा केलीस की पाणी किती खाली आहे ते कळतं. मोटर रात्रभर बंद राहिल्यावर पहाटे मोज, नाहीतर ती पातळी विहिरीची नसते, उपशाची असते. सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज येतो. एका विहिरीचा स्वभाव कळायचा तर आठवड्याला मोजावं लागतं, आणि शेजारी पर्जन्यमापक हवं.

हे आधी सांगते, कारण वर्गात जे शिकवतील ते वेगळ्याच जमिनीवर जन्माला आलेलं आहे. पहिल्याच सत्रात डार्सीचा नियम येईल, वाळू-खडकातून पाणी किती वेगाने झिरपतं ते सांगणारा. आंरी डार्सीने १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून तो मांडला. मग येईल १९३५चं थाइसचं सूत्र, उपसा केल्यावर पातळी कशी उतरते ते काढायचं. ते धरून चालतं की जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, सगळीकडे सारखा आहे, त्याला काठ नाही आणि विहीर म्हणजे एक बारीक नळी आहे. आपल्याकडे यातलं काहीच नाही. आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर राहतो. एका थराचा माथा मांजऱ्या, भोकाभोकांचा. पोटात काळा पाषाण, ज्याला फट असेल तरच पाणी. दोन थरांच्या मध्ये कधीकधी गेरूचा तांबडा पट्टा. आणि सगळ्यांच्या वर मुरूम, ज्याच्या जिवावर आपली जुनी विहीर चालते. वीस-पंचवीस फूट व्यासाच्या विहिरीतून पंप सुरू केलास तर पहिले काही तास तू विहिरीच्या पोटातलंच पाणी उपसत असतेस, खडकातलं नव्हे. त्या वेळच्या नोंदींना थाइसचा आलेख लावला की उत्तर चुकलंच. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी रीत दिली, ती मुद्दाम शिकून घे. आणि पंप बंद केल्यावर पाणी कसं चढतं त्याची नोंद सोडू नकोस. माझ्या मते खडकाबद्दल सगळ्यात जास्त तीच सांगते.

आता एक हिशोब. वही घेऊन स्वतः कर. भिजलेल्या मुरमात किंवा फटी असलेल्या बेसाल्टमध्ये जेवढं आकारमान, त्याच्या साधारण १ ते ३ टक्के पाणीच उपसता येतं. शासकीय मूल्यमापनात बहुधा २ टक्के धरतात. एका हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली तर रिकामा झालेला खडक १०,००० घनमीटर, पण हाती आलेलं पाणी फक्त २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. आता ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं घे. बाजूंचा उतार धरून त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. प्लॅस्टिकचा कागद अंथरून ते विहिरीतून नाहीतर बोअरमधून भरलं, तर अकरा हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरते. तळं एकाचं, अकरा हेक्टर किती जणांचे? वर उन्हाळाभर त्यातून वाफ होते ती निराळीच. द्राक्षबाग जगवायला धडपडणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असतं. पण हे गणित त्याच्यासमोर मांडणारं कुणी गावात असायला हवं, आणि ती तू व्हावीस असं मला मनापासून वाटतं.

माझं स्वतःचं एक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला चांदवडकडच्या एका मळ्यात मी रेझिस्टिव्हिटीचं सर्वेक्षण करून, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडक तिला किती अडवतो ते मोजून, बोअरची जागा दाखवली. पाणी भरपूर लागलं. नारळ फुटला, मला पेढे मिळाले. त्याच उन्हाळ्यात बांधापलीकडची एका म्हातारीची विहीर आटली. ते नवीन पाणी नव्हतंच. तिच्या झऱ्याला येणारं पाणी मी अलीकडून काढून दिलं होतं. जागा दाखवण्यापूर्वी मी तिच्या विहिरीत डोकावलेसुद्धा नव्हते. तेव्हापासून आसपासच्या विहिरी मोजल्याशिवाय मी कुणाला जागा सांगितली नाही. तुलाही लोक डिग्रीआधीच विचारायला लागतील, 'पोरी, कुठं मारू बोअर?' पाणाड्याच्या काठीपेक्षा तुझ्या यंत्रावर जास्त विश्वास ठेवतील, म्हणून जबाबदारीही जास्त.

शिकताना आपला जिल्हा पायाखाली घाल. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सिन्नरच्या पूर्वेला पाचशेच्या आसपास. तरीही त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. तिथे उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली घट्ट खडक. पाणी मुरायला जागाच कमी, आणि जे मुरतं ते झऱ्यांवाटे लवकर निघून जातं. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी मार्चमध्ये जा, मग पुन्हा मेमध्ये जा. पाऊस किती पडला आणि पाणी किती राहिलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

आता विद्यापीठ. खडक पक्का करायचा असेल तर भूविज्ञानातच एम.एस्सी. कर, पुण्यात किंवा आयआयटी मुंबईत. पाण्याच्या गणिताकडे ओढा असेल तर रुरकीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथेच राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही आहे. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते, तिचा अभ्यासक्रम आत्ताच बघून ठेव. कुठेही गेलीस तरी गणित सोडू नकोस. भूविज्ञानाची मुलं कलन (कॅल्क्युलस) आलं की अंग चोरतात आणि पुढे मॉडेलचं सॉफ्टवेअर जे उत्तर देईल ते मुकाट मानतात. रसायनही हवं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि भरपूर खत पडणाऱ्या आपल्या द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय त्यावर बोलू नये. महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियमही एकदा नीट वाच.

मे संपायच्या आत इकडे ये, तोवरच्या नोंदी आण. येताना वडिलांनाही घेऊन ये. विहीर खोदताना कितव्या परसाला मुरूम संपला, पाषाण कुठे लागला, पहिला झरा कोणत्या अंगाने फुटला, हे त्यांनाच ठाऊक आहे. अजून लिहून घेतलं नसशील तर आजच रात्री जेवणं झाल्यावर विचार.

तुझी
काकू